१८१८ भंडाऱ्यात कधी संपलं?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केले आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. वाचायला साधारण बारा मिनिटं लागतील.)

आपल्या मालिकेचा नियम तुम्हाला माहीत आहे. एका एपिसोडमध्ये एकच वर्ष घ्यायचं आणि ते नीट उलगडून बघायचं. मागच्या वेळी आपण आयर्लंडचं १६०७ घेतलं होतं. त्यानंतर मेसेज आले की, भाऊ, आयर्लंड झालं, आता आपल्याकडचं एखादं वर्ष घे ना. आपल्याकडचं म्हणजे पुण्या-साताऱ्याचं नाही, आपल्या भंडाऱ्याकडचं.

म्हणून आज १८१८.

आता तुम्ही म्हणाल, १८१८ मध्ये काय नवीन आहे? स्पर्धा परीक्षा देणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, ‘पेशवाई कधी संपली?’ उत्तर येईल १८१८. एक जानेवारीला कोरेगाव, फेब्रुवारीत सातारा आणि अष्टी, जूनच्या सुरुवातीला दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन. चार ओळी, दोन मार्क, विषय संपला.

पण हा हिशेब पुण्याचा आहे. वैनगंगेच्या काठावर पेशव्यांचं राज्य कधी नव्हतंच. इथे राज्य होतं नागपूरकर भोसल्यांचं. त्यामुळे ‘१८१८ मध्ये काय झालं’ याचं आपल्या भागाचं उत्तर वेगळं आहे. बाजीरावाने शरणागती पत्करली तरी इथलं भांडण संपलं नव्हतं. ते सप्टेंबरपर्यंत चाललं आणि आजच्या गोंदिया जिल्ह्यातल्या कामठा नावाच्या गावापर्यंत पोचलं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे ‘इंग्रज आले’ ही एका दिवसाची घटना नाही. लढाई दोन दिवसांत झाली, पण सत्ता हातातून गेली ती सही-शिक्क्याने, नेमणुकांनी आणि जमिनीच्या कागदांनी. त्या कागदांचा माग काढला तर आपण आजच्या गावापर्यंत पोचतो.

आधी थोडं मागे: १८०३ ते १८१६

नागपूरकर भोसल्यांचं राज्य एकेकाळी फार मोठं होतं. पहिल्या रघूजींनी अठराव्या शतकात देवगडच्या गोंड राज्याच्या भांडणात हात घातला, नागपूर आपल्याकडे घेतलं आणि पुढे थेट ओडिशा-बंगालपर्यंत मजल मारली. आपला भंडारा, पवनी, अंबागड, सानगडी हा सगळा पट्टा असाच गोंड राजांकडून भोसल्यांकडे आला. तुमसरजवळचा अंबागड बघितला असेल तर आठवा, तो साधारण १७०० च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शाहच्या काळात बांधलेला. नंतर भोसल्यांनी त्याचा वापर कैदखाना म्हणून केला.

या राज्याला पहिला मोठा धक्का १८०३ मध्ये बसला. दुसरे रघूजी आणि शिंदे एका बाजूला, इंग्रज दुसऱ्या बाजूला. २९ नोव्हेंबर १८०३ ला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई झाली, पाठोपाठ चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. या तहात कटक-बालासोरसह ओडिशाचा किनारा गेला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडही गेला. राज्याला समुद्रच उरला नाही.

तरी दुसऱ्या रघूजींनी एक गोष्ट केली नाही. इंग्रजांची तैनाती फौज घ्यायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. ज्यांना हा शब्द फक्त पाठ आहे त्यांच्यासाठी सोप्या भाषेत सांगतो. तैनाती फौज म्हणजे तुमच्या राज्यात इंग्रजांची फौज राहणार, तिचा खर्च तुम्ही देणार, आणि बाहेरच्या कुठल्याही राज्याशी तुम्ही परस्पर बोलणी करायची नाहीत. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, माझ्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर तुमचा, बिल तुमच्या नावावर, आणि ॲडमिनचा पासवर्ड दुसऱ्याकडे.

२२ मार्च १८१६ ला दुसरे रघूजी वारले. गादीवर आले त्यांचे पुत्र परसोजी, पण त्यांची प्रकृती कारभार करण्यासारखी नव्हती. मग कारभार कुणी बघायचा? दरबारात दोन गट पडले. परसोजींचे चुलत भाऊ मुधोजी, ज्यांना सगळे आप्पासाहेब म्हणत, त्यांना कारभार हवा होता आणि दरबारातल्या विरोधकांवर मात करण्यासाठी पाठबळ हवं होतं. ते पाठबळ त्यांनी इंग्रजांकडून घेतलं. मे १८१६ मध्ये तैनाती फौजेच्या करारावर सही झाली. रघूजींनी वर्षानुवर्षं जे टाळलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर जेमतेम दोन महिन्यांत झालं.

१८१८ ची मुळं इथे आहेत. फौज लढाई जिंकून आत आली नाही. घरातल्या भांडणात एका बाजूने तिला बोलावलं आणि ती आली.

१ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी मरण पावले. आप्पासाहेब तेव्हा चांद्याकडे होते. आधी हा मृत्यू नैसर्गिक म्हणून सांगितला गेला. नंतर गळा दाबून खून झाल्याचं पुढे आलं आणि त्याचा ठपका आप्पासाहेबांवर ठेवला गेला. आप्पासाहेब राजे झाले, पण ज्या कागदावर सही करून ते वर चढले होते, तोच कागद आता त्यांना टोचायला लागला.

सीताबर्डी: दोन टेकड्या, दोन दिवस

आज सीताबर्डी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? खरेदी, गर्दी, मेट्रो बदलण्याचं स्टेशन. त्या गर्दीच्या डोक्यावर जो किल्ला आहे, तिथे १८१७ मध्ये किल्ला नव्हता. शहराबाहेरच्या दोन उघड्या टेकड्या होत्या, एक मोठी आणि एक लहान, आणि जवळच इंग्रज रेसिडेंटचा बंगला. रेसिडेंट म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी. त्याचं नाव रिचर्ड जेनकिन्स. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

५ नोव्हेंबर १८१७ ला पुण्याजवळ खडकीला पेशवे आणि इंग्रज यांच्यात लढाई पेटली. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतीपदाची वस्त्रं दरबारात स्वीकारली. वरवर बघितलं तर हा मानपानाचा कार्यक्रम. पण तैनाती फौजेच्या करारानुसार बाहेर असे संबंध ठेवायचे नव्हते, आणि पेशवे तर इंग्रजांशी उघड लढत होते. जेनकिन्स त्या समारंभाला गेला नाही. त्याने फौज टेकड्यांवर चढवली.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी लढाई सुरू झाली ती २७ च्या दुपारपर्यंत. इंग्रजांकडे साधारण चौदाशे माणसं, भोसल्यांकडे त्याच्या दहापटीहून जास्त. भोसल्यांच्या फौजेत अरब शिपाई होते आणि तेच सगळ्यात चिवट लढले. २७ च्या सकाळी त्यांनी लहान टेकडी ताब्यात घेतली. आता मोठ्या टेकडीवर थेट मारा होणार, अशी वेळ आली होती. त्याच सुमारास कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळाने खाली मैदानात हल्ला चढवून भोसल्यांच्या तोफा घेतल्या, लहान टेकडीवर दारूचा स्फोट झाला आणि इंग्रजांनी ती परत मिळवली. इंग्रजांकडचे ठार आणि जखमी मिळून ३६७, म्हणजे चारातला एक माणूस पडला. इतकी ती लढाई काठावरची होती.

डिसेंबरमध्ये इंग्रजांची मोठी कुमक आली. १६ डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः त्यांच्या छावणीत गेले, पण फौजेने तोफा सोडल्या नाहीत, म्हणून त्याच दिवशी सक्करदऱ्याच्या बाजूला पुन्हा लढाई झाली. त्यानंतरही अरबांनी नागपूर शहर सोडलं नाही. २४ तारखेचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला आणि शेवटी अटी ठरवूनच महिन्याच्या अखेरीस ते बाहेर पडले.

म्हणजे १ जानेवारी १८१८ उजाडला तेव्हा पुण्याकडे कोरेगावची लढाई चालू होती आणि नागपूरची लढाई होऊन गेली होती. मग १८१८ मध्ये आपल्याकडे उरलं काय? उरलं ते जास्त महत्त्वाचं.

जानेवारी ते जून: राजा तोच, राज्य दुसऱ्याचं

जानेवारी १८१८ मध्ये आप्पासाहेबांशी नवा करार झाला. त्यांना गादीवर परत बसवलं. ऐकायला उदारपणा वाटतो. पण अटी बघा. नर्मदेकडचा मुलूख द्यायचा. वऱ्हाडातला उरलेला भाग आणि गाविलगड द्यायचा. सीताबर्डीच्या टेकड्या इंग्रजांना किल्ला बांधायला द्यायच्या. राजाने नागपुरात इंग्रज फौजेच्या पहाऱ्यात राहायचं. आणि कारभार? तो रेसिडेंटच्या सल्ल्याने, त्याला पसंत असलेल्या मंत्र्यांकडून चालवायचा.

इथे जरा थांबा. त्या दिवशी नागपूरच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाला काय दिसलं असेल? राजा गादीवर आहे. वाडा तोच, दरबार तोच, नाव भोसल्यांचंच. तलाठ्या-पाटलाच्या पातळीवर तर काहीच बदललं नाही. पण वरची दोरी दुसऱ्याच्या हातात गेली होती.

आप्पासाहेबांना हे कळत होतं. त्यांचा पेशव्यांशी गुप्त पत्रव्यवहार चालू आहे, ते बाजीरावाला चांद्याकडे बोलावताहेत, किल्लेदारांना किल्ले सोडू नका असं आतून सांगताहेत, असे आरोप जेनकिन्सने ठेवले आणि १५ मार्च १८१८ ला त्यांना अटक केली. एप्रिलमध्ये बाजीराव खरोखरच या बाजूला आला, पण पांढरकवड्याजवळ त्याचा पराभव झाला. २० मे ला चांद्याचा किल्ला इंग्रजांनी हल्ला करून घेतला.

आणि या दरम्यान १८१८ ची सगळ्यात सिनेमासारखी गोष्ट घडली. आप्पासाहेबांना कैदेत अलाहाबादकडे नेत होते. जबलपूरच्या वाटेवर मुक्काम पडला. पहाऱ्यावरचे काही शिपाई त्यांनी फितवले, शिपायाचाच पोशाख अंगावर चढवला आणि १३ मे च्या पहाटेआधी छावणीतून निघून गेले. गेले ते महादेवाच्या डोंगरात, पचमढीच्या बाजूला, गोंड सरदारांच्या आश्रयाला.

आता विचार करा, ज्या गोंडांचं राज्य भोसल्यांनी घेतलं होतं, त्याच गोंडांनी शेवटच्या काळात भोसले राजाला लपवलं. जुलैमध्ये मुलताईजवळ कॅप्टन स्पार्क्सची अख्खी तुकडी आप्पासाहेबांच्या अरब शिपायांनी कापून काढली. डोंगरात राजा आहे, तो लढतोय, ही बातमी खाली मैदानात पोचत होती.

इकडे नागपुरात गादी रिकामी ठेवून चालणार नव्हतं. २६ जून १८१८ ला दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा, लहान बाजीबा, याला तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसवलं. त्याचं संगोपन बाकाबाईंकडे, म्हणजे दुसऱ्या रघूजींच्या विधवा राणीकडे. आणि राजा अज्ञान आहे म्हणून राज्यकारभार? जेनकिन्सकडे. आता सल्लाही नाही, थेट कारभार.

कामठा: आपल्या बाजूचा शेवटचा अंक

आधी एक गोंधळ दूर करू. कामठी नाही, कामठा. कामठी म्हणजे नागपूरजवळची छावणी, ती १८२१ मध्ये वसवली. कामठा हे गोंदियाकडचं गाव. १९९९ पर्यंत गोंदिया आपल्याच भंडारा जिल्ह्यात होता, त्यामुळे कामठ्याचा इतिहास हा जुन्या भंडारा जिल्ह्याचा इतिहास आहे.

वैनगंगेच्या पूर्वेचा हा भाग म्हणजे जंगल, तलाव आणि धान. इथे नागपूरचा राजा रोजचा कारभार करत नव्हता. तो जमीनदारांमार्फत चालायचा. जमीनदार राजाला ठरलेली रक्कम द्यायचा, आपल्या भागात बंदोबस्त ठेवायचा, आणि बाकी त्याच्या इलाख्यात तोच राजा. त्यातली एक मोठी जमीनदारी कामठ्याची. १८१८ मध्ये ती एका कुणबी घराण्याकडे होती आणि जमीनदार होता चिमणा पाटील.

नागपुरात इंग्रजांनी गादीवर बसवलेला लहान मुलगा, डोंगरात पळालेला खरा राजा, आणि तिसरीकडे स्वतःची माणसं-शस्त्रं असलेला जमीनदार. चिमणा पाटलाने आप्पासाहेबांची बाजू घेतली आणि नागपूरच्या नव्या कारभाराविरुद्ध उठाव केला.

सप्टेंबर महिना म्हणजे आपल्याकडे काय ते सांगायला नको. नाले भरलेले, बांध्यांमध्ये गुडघाभर चिखल, धान उभं. फौजेला हलायला सगळ्यात वाईट काळ. तरीही नागपूरहून कॅप्टन गॉर्डनच्या हाताखाली फौज पाठवली गेली. तिने कामठा हल्ला करून घेतला. पावसाळा संपेपर्यंत वाट बघण्याची जोखीम जेनकिन्सला घ्यायची नव्हती, एवढं यातून दिसतं. कारण अशी एक ठिणगी राहिली असती तर डोंगरातल्या राजाला खाली उतरायला वाट मिळाली असती.

पण लढाईपेक्षा पुढचं पाऊल बघा. कामठ्याची जमीनदारी चिमणा पाटलाच्या घराण्याकडून काढून घेतली आणि एका लोधी घराण्याला दिली. गावं तीच, तलाव तेच, शेतात राबणारे हात तेच. वर बसलेलं घराणं बदललं. आणि नवं घराणं कुणामुळे आलं? नव्या सरकारमुळे. मग ते कुणाशी प्रामाणिक राहणार, हे वेगळं सांगायची गरज नाही.

म्हणून मी म्हणतो, आपल्याकडे १८१८ जूनमध्ये संपलं नाही. ते पावसाळ्याच्या शेवटी कामठ्याला संपलं.

आता १६०७ आठवा

मागचा एपिसोड ऐकलेल्यांच्या डोक्यात आतापर्यंत घंटी वाजली असेल. न ऐकलेल्यांसाठी दोन मिनिटांत सांगतो.

आयर्लंडच्या उत्तरेला अल्स्टर नावाचा प्रांत आहे. तिथे जुन्या गेलिक सरदारांचं राज्य होतं. ह्यू ओनील हा त्यातला सगळ्यात मोठा. त्याने नऊ वर्षं इंग्रजांशी झुंज दिली. १६०१ मध्ये किन्सेलला स्पेनची मदत येऊनही त्याचा पराभव झाला. १६०३ मध्ये त्याने तह केला, आणि गंमत बघा, त्यालाही त्याची जमीन आणि पदवी परत मिळाली. म्हणजे आप्पासाहेबांच्या जानेवारी १८१८ सारखंच. पण कारभार, न्याय आणि कायदा हळूहळू इंग्रज अधिकाऱ्यांकडे जायला लागला. आपल्या घरात आपणच पाहुणे झालोय, हे लक्षात आल्यावर सप्टेंबर १६०७ मध्ये ओनील आणि त्याचे साथीदार रॅथमलनच्या किनाऱ्यावरून जहाजात बसून निघून गेले. मदत घेऊन परत येऊ, ही आशा होती. ओनील कधी परतला नाही. १६१६ मध्ये तो रोममध्ये वारला.

मागे राहिलेल्या त्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या, आणि १६०९ पासून तिथे इंग्लंड-स्कॉटलंडमधून लोक आणून वसवले गेले.

साम्य कुठे आहे? आधी हरवणं, मग राजाला नावापुरतं परत बसवणं, मग त्याच्या हातातून कारभार काढणं, तो पळाला की त्याच्या बाजूच्यांच्या जमिनी दुसऱ्यांना देणं. क्रम तोच.

पण फरकही मोठा आहे आणि तो विसरायचा नाही. अल्स्टरमध्ये बाहेरून माणसं आणून जमिनीवर बसवली. आपल्याकडे कुणी इंग्रज शेतकरी येऊन धानाची रोवणी करायला बसला नाही. इथे इथलंच एक घराणं काढून इथलंच दुसरं बसवलं. त्यामुळे अल्स्टरची जखम आजही तिथल्या राजकारणात दिसते आणि कामठ्याची गोष्ट आपल्याच जिल्ह्यात बऱ्याच जणांना ठाऊक नसते. बदल जेवढा ओळखीच्या चेहऱ्याने येतो, तेवढा तो विसरायला सोपा जातो.

आणि एक धागा. १८०३ ला अडगावात भोसल्यांना हरवणारा सेनापती आर्थर वेलस्ली, पुढे ज्याने नेपोलियनला हरवलं, तो जन्मला कुठे? डब्लिनमध्ये. आयर्लंडमध्ये इंग्रज सत्तेसोबत स्थिरावलेल्या घराण्यातला मुलगा वऱ्हाडात येऊन लढला.

आप्पासाहेबांचं पुढे काय झालं? डोंगरातून ते असीरगडाकडे गेले. एप्रिल १८१९ मध्ये असीरगड पडला, पण ते सापडले नाहीत. पंजाबपर्यंत फिरले, शेवटी जोधपूरच्या राजाने आसरा दिला. तिथेच १८४० मध्ये ते वारले. नागपूर त्यांना परत दिसलं नाही.

कागद: जेनकिन्सपासून मामा तलावापर्यंत

आता सगळ्यात कंटाळवाणा वाटणारा, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग.

लढाया संपल्यावर जेनकिन्सने काय केलं? मोजणी आणि नोंदी. राज्याचे भाग पाडले, प्रत्येक भागावर एक इंग्रज अधिकारी बसवला. त्यातला एक भाग ‘वैनगंगा’ नावाचा. म्हणजे नदीच्या नावाचा जिल्हा! थोड्याच वर्षांत त्याचं मुख्य ठाणं भंडाऱ्याला आलं. भंडारा हे जिल्ह्याचं ठिकाण म्हणून आपण ओळखतो, त्याची सुरुवात या काळातली आहे. जेनकिन्सने या सगळ्या मुलखाचा सविस्तर अहवाल लिहिला, तो १८२७ मध्ये छापला गेला. कोण कुठे राहतं, काय पिकतं, वसुली कशी होते, सगळं त्यात आहे.

१८३० पर्यंत कारभार टप्प्याटप्प्याने तिसऱ्या रघूजींकडे परत गेला. पण ११ डिसेंबर १८५३ ला ते वारले, मुलगा नव्हता, आणि डलहौसीने वारस नामंजूर करून १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. शाळेत आपण हे ‘खालसा धोरण’ म्हणून शिकतो आणि वाटतं की १८५४ मध्ये अचानक काहीतरी झालं. खरं तर घर १८१८ मध्येच गेलं होतं, १८५४ ला फक्त दारावरची पाटी काढली.

त्यानंतर १८६० च्या दशकात जमीन महसुलाची नवी व्यवस्था झाली. गावचा वसूल गोळा करून भरणारा जो पाटील किंवा मालगुजार होता, त्याला सरकारने गावाचा मालक ठरवलं. वसुली करणारा आणि मालक, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, त्या कागदावर एक झाल्या. गावातली पडीक जमीन, जंगल आणि तलावसुद्धा मालगुजाराच्या नावावर आले. यातले पुष्कळ तलाव त्याआधी कितीतरी वर्षं गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधले होते. पाळ त्यांनी घातली, पाणी शेतकऱ्यांनी वाटून घेतलं, आणि सातबारा यायच्या आधीच्या त्या कागदावर नाव लागलं मालगुजाराचं.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आला. हे तलाव सरकारजमा झाले आणि सरकारी कागदात त्यांना नाव पडलं ‘माजी मालगुजारी तलाव’. त्याचं लघुरूप ‘मामा तलाव’!

हो, मामा तलाव मधला मामा म्हणजे आईचा भाऊ नाही. मा म्हणजे माजी, मा म्हणजे मालगुजारी. भंडारा-गोंदियाकडच्या कुठल्याही पोराला मामा तलाव माहीत असतो, पण त्या दोन अक्षरांत दीडशे वर्षांचा जमिनीचा इतिहास दाबून भरलाय, हे कुणी सांगत नाही.

आणि हा जुना विषय नाही. आज तलावातला गाळ कुणी काढायचा, मासेमारीचा हक्क कुणाचा, पाळीवर झालेलं अतिक्रमण कुणी हटवायचं, या प्रश्नांवर गावागावात भांडणं होतात. ज्या तलावाची देखभाल गाव स्वतः करायचं, तो आधी एका माणसाचा झाला, मग सरकारचा झाला. गावाचा तो कागदावर परत झालाच नाही. १८१८ मध्ये सुरू झालेली ‘वर कोण बसणार ते वरून ठरणार’ ही पद्धत अशी खाली झिरपत आली.

स्क्रीनशॉट काढायला

- मे १८१६: तैनाती फौजेचा करार
- २६-२७ नोव्हेंबर १८१७: सीताबर्डीची लढाई
- जानेवारी १८१८: आप्पासाहेब गादीवर, कारभार रेसिडेंटच्या हाती
- १५ मार्च: अटक
- १३ मे: कैदेतून पलायन
- २० मे: चांद्याचा किल्ला पडला
- २६ जून: तिसरे रघूजी गादीवर, कारभार जेनकिन्सकडे
- सप्टेंबर: कामठ्याचा उठाव मोडला, जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणी विचारलं की १८१८ मध्ये काय झालं, तर पेशवाई संपली हे सांगाच, परीक्षेत मार्क त्याचेच आहेत. पण सोबत कामठ्याचं नावही सांगा.

आणि एक काम देतो. तुमच्या गावात मामा तलाव असेल तर घरातल्या मोठ्या माणसांना तीन प्रश्न विचारा. तलाव कुणी बांधला असं सांगतात? मालगुजार कोण होता? पाणी वाटायचं कोण ठरवायचं? उत्तरं फोनवर रेकॉर्ड करा, सांगणाऱ्याची परवानगी घेऊन. पुष्कळ गावांत हे सांगू शकणारी एक-दोनच माणसं उरली आहेत. तुमची रेकॉर्डिंग आली की त्यावर एक वेगळा एपिसोड करू.

पुढचं वर्ष कुठलं ते अजून ठरलं नाही. खाली सुचवा. भेटू पुढच्या वेळी.